खाण बुजवायची, पण कशाने?

ताई, ‘डबक्याकाठी बगळे मोजणाऱ्यांना आमची बुडणारी पोरं दिसत नाहीत. बुजवा ती खाण, मैदान करा. झाडं तर दरवर्षी लावताच की!’ असं तुम्ही लिहिलंत. पहिलं वाक्य निमूट मान्य. तुर्भ्यामागच्या खाणीवर लिहिताना मी पाणी, पाखरं, गवत सगळं लिहिलं आणि काठ विसरलो. सुरुंगाने तोडलेला कडा सरळ पाण्यात उतरतो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर यायला हाताला काही लागत नाही. तुम्ही तिथल्याच, मी वाशीहून दुर्बीण घेऊन येणारा.

पण बुजवायची कशाने? कोळशाच्या उघड्या खाणीत वरची माती-मुरूम बाजूला रचलेली असते, ती परत लोटता येते. आपल्याकडे कातळ फोडला, क्रशरमधून खडी काढली आणि विकली. तो माल आता रस्त्यांत आणि स्लॅबांत आहे. उरला राडारोडा. रात्री डंपर येतील, विटांच्या तुकड्यांखाली रंगाचे डबे नि आणखी काय काय येईल. कातळाला भेगा असतात. त्यातून झिरपलेलं पाणी विहिरीकडे निघालं तर? शिवाय अशी भरणी वर्षानुवर्षं खचत राहते. मैदानच हवं तर क्रशरची जागा सपाट पडूनच आहे, ती मागू या.

पैसा आधी काठावर घालावा असं माझं मत. सैल दगड पाडायचे, कडा टप्प्याटप्प्याने उतरता करायचा, एका बाजूने चालत बाहेर येता येईल असा उतार ठेवायचा. कुंपण त्यानंतर. नुसतं कुंपण महिन्याभरात भंगारात जातं.

झाडांचा टोमणा मात्र लागला, कारण लावणाऱ्यांत मीही होतो. कातळात हातभर खड्डा, पोतंभर माती, वर करंजाचं रोप. जुलैत खड्डे कुंड्यांसारखे तुंबले. मार्चमध्ये एक वाळकं रोप उपटलं, तर मुळं गोल वळलेली, काळी, अगदी खड्ड्याच्या मापाची. दहा पावलांवर कुणीही न लावलेला उंबर कातळाच्या फटीत हिरवागार!

केनियात मोंबासाजवळच्या सिमेंट कारखान्याच्या चुनखडीच्या खाणीत रेने हालर यांनी 1971 च्या सुमारास झाडं लावायला घेतली. बरीच मेली, सुरूची झाडं तगली. पण सुरूचा पालापाचोळा कुजेना. मग त्यांनी पैसा किडे (आपण वाणीही म्हणतो) आणून सोडले. किड्यांनी पाचोळा खाल्ला, हळूहळू माती झाली, मग बाकीची झाडं धरली. आपला दगड वेगळा, पाऊस वेगळा, तेव्हा सुरू लावा असं मी म्हणत नाही. पण आधी माती, मग झाड, हा क्रम इथेही चुकवता येणार नाही. पहिली काही वर्षं नुसतं गवत आणि गिरिपुष्पाचा पाला. उद्घाटनाला फोटो काढावा असं काही दिसणार नाही, खरी अडचण तिथेच आहे!

रविवारी सकाळी मी टेप घेऊन येतो. काठ कुठे सगळ्यात वाईट आहे ते तुम्ही दाखवा. दुर्बीण घरीच ठेवतो.