पुन्हा तोच एक रेझिस्टर!

यूएसबी-सी पोर्टवर चालणाऱ्या बोर्डाचे पाच प्रोटोटाइप आले आणि पाचही मढ्यासारखे पडलेत. साध्या केबलवर दिवा लागतो, पण लॅपटॉपची ई-मार्क असलेली (म्हणजे आत स्वतःची ओळख सांगणारी चिप असलेली) जाड सी-टू-सी केबल लावली की शून्य व्होल्ट. डिझाइन करणारा म्हणतो, "माझ्या टेबलावर चालत होता." चालणारच! टेबलावर यूएसबी-ए टोकाची जुनी केबल होती. ए-पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात, तिथे सीसी पिनला (केबलीत काय जोडलंय हे चार्जरला सांगणाऱ्या पिनला) कुणी विचारतच नाही.

आणि इथे? पोर्टच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पिना एकत्र जोडून दोघांत मिळून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर! अरे, प्रत्येक पिनला स्वतंत्र लागतो. ई-मार्क केबलमध्ये दुसऱ्या सीसीवर स्वतःचा सुमारे १ किलोओहम असतो. पिना जोडल्या की तो या ५.१ ला समांतर येतो, चार्जरला वाटतं हेडफोनचा अडॅप्टर लावलाय, आणि तो व्हीबसवर, म्हणजे पुरवठ्याच्या लाइनवर, व्होल्टेज सोडतच नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर नेमकी हीच चूक झाली, जगभर गाजली. तरीही २०१९ नंतरच्या बोर्डांवर ती का सापडावी? कशासाठी? एक रेझिस्टर वाचवायला?

आता निस्तरा. मायक्रोस्कोपखाली ०.५ मिमी अंतरावरच्या पिनांमधला ट्रॅक ब्लेडने कापायचा, ०४०२ मापाचा (जेमतेम १ मिमी लांब) रेझिस्टर उभा चिकटवायचा, केसाएवढी इनॅमलची तार ओढायची. सोल्डरिंगची टिप जरा सरकली की शेजारचा पॅड उपटून हातात. पाच वेळा!

आणि मोजमापासाठी टेस्ट पॉइंट? एकही नाही. रीसेट आणि यूएआरटीला (चिपशी बोलायच्या सिरियल लाइनला) पॅड नाहीत, फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, अडकलं की काय, बोर्डाला कान लावून ऐकायचं? पुरवठा स्थिर ठेवणारा १०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर चिपच्या पॉवर पिनपासून २ सेंटिमीटर लांब. तिथे तो असून नसल्यासारखा. ६.३ व्होल्टचा, ०४०२ मधला १० मायक्रोफॅरड सिरॅमिक ५ व्होल्टवर लावलाय. डीसी बायसने, म्हणजे त्याच्यावर कायम असलेल्या व्होल्टेजने, त्याची निम्म्याहून जास्त क्षमता उडते, डेटाशीटचा तो आलेख कधी उघडून बघाल का? १११७ या व्होल्टेज रेग्युलेटरला ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटरचं पिनआउट (पिनांचा क्रम) लावणारे तर वेगळेच. १११७ मध्ये ग्राउंड, आउटपुट, इनपुट असा क्रम आहे. टॅबही (धातूची रुंद पट्टी) आउटपुटला असतो, ग्राउंडला नाही!

पुढच्या रिव्हिजनमध्ये दोन सुटे ५.१ किलोओहम टाका. आणि बोर्ड पाठवण्याआधी तीन केबलींवर लावून बघा: ए-टू-सी, साधी सी-टू-सी, ई-मार्क सी-टू-सी. प्रत्येक केबल दोन्ही बाजूंनी उलटून.