मुंबईचा इतिहास मराठीत लिहिलाच नाही म्हणे!

आज फोर्टात एका हेरिटेज वॉकच्या घोळक्यात सापडले. गाइड ठणकावून सांगत होता, "आपल्या लोकांनी मुंबईचा इतिहास लिहिलाच नाही, सगळं इंग्रजांनी लिहून ठेवलं." म्हटलं, अरे, 1863 साली गोविंद नारायण माडगावकरांनी 'मुंबईचें वर्णन' छापलं, मराठीत! तर विचारतो, "माडगूळकर का?" डोकं फिरलं.

आमच्या गिरगावच्या चाळीत आप्पाकाका त्याच पुस्तकाची, इतिहासकार न. र. फाटकांनी संपादलेली आवृत्ती घेऊन गॅलरीत बसायचे. नुसतं वाचून समाधान नाही. एका रविवारी आम्हा पोरांना माहीमच्या खाडीवर नेलं. खाडीचा असा वास की काकांच्या नाकाला धोतराचा सोगा, आणि त्यातूनच व्याख्यान चालू: "1845 च्या आधी इथे होडी. सरकार पैसे सोडेना, शेवटी हा माहीम-वांद्रे जोडरस्ता, म्हणजे कॉजवे, बांधायला जमशेटजी जीजीभॉयांच्या पत्नी आवाबाईंनी दीड लाखाच्या वर घातले. अट एकच, टोल घ्यायचा नाही!" आमचं लक्ष भेळवाल्याकडे.

माडगावकर पेशाने मास्तर. देवळं, तळी, बाजार, शाळा, आगगाडी, सगळं टिपलं. आणि केव्हा? अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाचा पैसा धो धो येत होता, बेटं जोडून झाली होती, त्याच दशकात फोर्टाचा तटही पाडला गेला. सगळे पैशामागे, आणि हा माणूस शहर लिहीत बसलेला. 1865 साली गेले, कापसाचा फुगा फुटला त्याच वर्षी.

इंग्रज सरकारचं कौतुक जरा जास्तच केलंय, मान्य. भाषाही जुन्या वळणाची. बरं, मग?

आणि हो, 'मुंबई कोणाची' म्हणून रोज भांडणाऱ्यांनो, माडगावकर मूळचे गोव्याचे, लहानपणी इथे आलेले. त्या दिवशी खाडीवर मी काकांना म्हटलंही होतं, "म्हणजे ते बाहेरचेच की!" काकांनी सोगा खाली घेतला. "आणि मी कुठला गं? मालवणचा ना?" वर स्वतःच भेळ मागवली, तिखट जास्त टाकून. फार गोड माणूस होता हो.

काकांची ती प्रत चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा रद्दीत गेली. कोणी दिली ते विचारू नका, घरात पुन्हा भांडणं होतील. कुणाकडे जास्तीची असेल तर इनबॉक्स करा. जीर्ण, फाटकी, कशीही चालेल.