देवघरातले टाक नदीत सोडायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

'देवघरात एकच देव ठेवा' असं सांगणारा एक लांबलचक मेसेज घरोघरच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अनेक देव एकत्र ठेवले की त्यांच्या शक्ती एकमेकींना मारक ठरतात आणि घरात आजारपण येतं. पंढरीनाथ तेवढा वरचा. खंडोबा, म्हसोबा, मरीआई ही भीतीतून आलेली खालच्या पायरीची दैवतं, त्यांचे टाक, म्हणजे देव उठवलेले धातूचे छोटे पत्रे, विसर्जित करावेत. वेदांनी एकच देव सांगितला, संतांनी बाकीचे नाकारले. अनेक देवांमुळे मन विखुरतं. आणि पुढारलेले समाज एकच देव मानतात.

हे वाचून माझ्या आत्याने पिढ्यान्‌पिढ्या पुजलेले टाक लाल फडक्यात बांधले आणि 'नदीत कधी सोडायचे गं?' असं विचारायला मला फोन केला. म्हणून हे लिहिते आहे, आणि चिडूनच लिहिते आहे.

आधी त्या 'मारक शक्तीं'चं बघू. पंचायतन पूजेत गणपती, शंकर, विष्णू, देवी आणि सूर्य हे पाच देव एकाच ताम्हनात मांडतात. शंकराचा नर्मदेतला बाण, विष्णूचा शाळिग्राम, गणपतीचा तांबडा शोणभद्र, सूर्याचा स्फटिक आणि देवीचा धातुपाषाण. ज्याचं जे इष्टदैवत ते मधे, बाकीचे चार चार कोपऱ्यांत. शेजारच्या घरात मधला देव वेगळा असेल, तरी ताम्हनातून कुणाला बाहेर काढत नाहीत. एकमेकांना मारक असते तर ही पूजा रुजलीच नसती. आता, देवघरातल्या संख्येचा नियम आहे, हे मान्य करावं लागेल. घरात दोन शिवलिंगं, तीन गणपती, दोन शाळिग्राम पुजू नयेत असं जुनं वचन आहे. पण तो नियम एकाच देवाच्या जादा प्रतिमांचा आहे. वेगवेगळे देव एकत्र ठेवू नका, असं त्यात कुठेही नाही. कुणीतरी ते अर्धवट ऐकलं आणि त्याला आजारपणाची भीती चिकटवून पुढे ढकललं.

आणि 'भीतीतून आलेले देव' हा आरोप करायचा, तोही लोकांना आजारपणाची भीती घालून! याचा मला सगळ्यात जास्त संताप आला.

टाक म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याने एकदा हातात घेऊन पाहायला हवं होतं. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा, घोड्यावर खंडोबा, त्याच्याबरोबर म्हाळसा, खाली कुत्रा. वर्षानुवर्षांच्या अभिषेकाने नाकडोळे पुसट झालेले, कडेच्या खाचेत हळद बसलेली. त्याच्या शेजारी देवीचा टाक, आणि कित्येक घरांत पूर्वजांचेही. हे टाक जेजुरीला नेऊन देवाला भेटवून आणतात. चंपाषष्ठीला तळी भरतात, भंडारा उधळतात, 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत सगळे मिळून ताम्हन उचलतात. धनगर, मराठे, ब्राह्मण, कोळी, रामोशी अशा कितीतरी समाजांचं हे कुलदैवत. त्याची एक बायको वाण्याची म्हाळसा, दुसरी धनगराची बाणाई. इतक्या लोकांना एका पायरीवर आणणाऱ्या देवाला खालच्या पायरीचा कोण ठरवणार?

पायरीचीच गोष्ट काढायची तर रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात काय मांडलं ते पाहा. विठ्ठलाचं मूळ त्यांनी धनगर-गवळ्यांच्या, गुराख्यांच्या दैवतात शोधलं. धनगरांमध्ये विठोबा आणि बिरोबा ही जोडी आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेव (बिरदेव म्हणजे बिरोबाच) आजही एकत्र पुजले जातात. मेसेजवाला ज्या पंढरीनाथाला 'वरचा' म्हणून पुढे करतो, तोच या मांडणीप्रमाणे माळरानावरून आलेला आहे. या जोडीतल्या बिरोबाला नदीत सोडून विठोबाला तेवढं कसं ठेवणार?

देवाच्या नावाने भीती घालून पैसे काढणारे असतात, हे मात्र खरं. त्यांच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यांना तो लावा. त्यात आत्याच्या टाकांचा काय दोष?

वेदांचा मुद्दा. 'एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति' (सत्य एकच, जाणते त्याला अनेक नावांनी सांगतात) ही ऋग्वेदातली ओळ मेसेजमध्ये आहे, पण त्याच ऋचेची सुरुवात इंद्र, मित्र, वरुण, अग्नी अशी नावं घेऊन होते, ती गाळली आहे. याहून मोठा आधार बृहदारण्यक उपनिषदात आहे. जनकाच्या सभेत शाकल्य याज्ञवल्क्याला विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३३०६. शाकल्य 'ॐ', म्हणजे बरोबर, असं म्हणतो आणि पुन्हा तेच विचारतो. ३३. पुन्हा 'ॐ', पुन्हा प्रश्न. मग ६, ३, २, दीड आणि शेवटी १. पुढे प्रत्येक आकड्याचा खुलासा आहे. ३३ म्हणजे आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. ३३०६ हा त्यांचाच महिमा. दीड म्हणजे वारा, एक म्हणजे प्राण. यातलं कोणतंही उत्तर चूक म्हणून खोडलेलं नाही. एकापर्यंत पोचलेल्या याज्ञवल्क्याने आधीचे देव विसर्जित करायला सांगितलं नाही. मेसेजवाल्याने फक्त शेवटचं उत्तर उचललं आहे.

संतांबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करते. तुकोबांनी 'नव्हे जाखाई जोखाई' म्हणत या दैवतांना चांगलंच झोडपलं आहे, खंडेरावालाही सोडलेलं नाही. पण राग आहे तो नवसाच्या देवघेवीवर आणि मद्यमांसावर. सगळ्या संतांचं मत मात्र तसं नाही. ज्ञानेश्वरी गणेशाच्या आणि शारदेच्या वंदनाने सुरू होते. एकनाथांनी भवानीचा जोगवा मागितला, खंडोबाला वाहिलेल्या वाघ्याच्या तोंडून भारूड गायलं. नरहरी सोनारांची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे. कट्टर शैव, विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून डोळे बांधून त्याच्या कमरेच्या करगोट्याचं माप घ्यायला गेले. हाताला शंकर लागला, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. त्यानंतर त्यांनी दोघांचाही जयजयकार केला.

मन विखुरतं, हा आक्षेप ज्याने हे देव अनुभवले नाहीत तोच घेऊ शकतो. तुळजाभवानी नवरात्राआधी मंचकी निद्रा घेते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि भक्त तिच्या उठण्याची वाट पाहतात. पंढरपुरात उलटं. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात आणि विठ्ठल रात्रंदिवस दर्शनाला उभा राहतो. आईला विश्रांती मिळावी ही एक ओढ, आपल्यासाठी कुणीतरी जागं आहे हा दुसरा दिलासा. जेजुरीच्या वाघ्याचा भाव तिसराच, तो धन्याच्या दारातला कुत्रा होतो. एकाच माणसाला हे तिन्ही भाव हवे असतात, आणि तुळजापूरला जाऊन आलेल्याची पंढरी काही कमी होत नाही. गोंधळी जेजुरीचा खंडेराया, तुळजापूरची भवानी, पंढरीचा विठ्ठल असं एकेकाला नावागावासकट गोंधळाला बोलावतो, ते सगळ्यांची ओळख वेगवेगळी आहे म्हणूनच.

उरला 'पुढारलेल्या समाजां'चा मुद्दा. अनेक देवांकडून एका देवाकडे जाणं म्हणजे प्रगती, ही शिडी एडवर्ड टायलरसारख्या एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मांडली, आणि आजचे अभ्यासक ती तशी धरत नाहीत. जपानकडे पाहिलं तरी पुरे. तिथे शिंतो परंपरेत असंख्य कामी, म्हणजे देवता, पुजले जातात, आणि एकाच घरात बाळाला शिंतो देवळात नेतात, अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतात. जपानला मागासलेलं म्हणायची या मेसेजवाल्याची तयारी आहे का?