व्होल्टेज कमी दिसलं म्हणून व्हॉल्व्ह दोषी ठरत नाही

चाळ पुनर्विकासाला गेली की माळे रिकामे होतात आणि मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्हीचे लाकडी रेडिओ धुळीसकट खाली येतात. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, सगळीकडे हेच चाललंय. नेमका तेव्हाच घरातल्या कुणाच्या तरी फोनवर एक मजकूर फिरत येतो: आजोबांचा व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, घरच्या घरी तपासा.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. सेट सरळ प्लगमध्ये लावा, काचेतले दिवे लागले म्हणजे पॉवर सप्लाय ठीक. पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या, जुने कंडेन्सर आपोआप ‘भरतात’. टेस्टर लावून चासीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) करंट नाही ना बघा आणि निर्धास्त हात घाला. पिनांवर व्होल्टेज मोजा. सर्किटच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी आलं तर व्हॉल्व्ह गेला, नाहीतर ट्रान्सफॉर्मर. रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) काढून दोन डायोड टाका, व्होल्टेज परत येईल. मुंबईत हल्ली व्होल्टेज जास्त येतं, म्हणून स्टॅबिलायझर लावा. आणि तरी नाही जमलं तर आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवा, कारण व्हॉल्व्ह आता मिळतच नाहीत.

हा सल्ला पाळून दुरुस्त होण्याजोगे सेट कायमचे जातात, आणि एका मुद्द्यावर तर माणूसही जाऊ शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी दिव्यांचं. व्हॉल्व्हमधला लालसर उजेड हीटरचा असतो. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये हीटरला ६.३ व्होल्ट एसी मिळतं, तेही वेगळ्या वाइंडिंगवरून. रेडिओ ज्याच्यावर बोलतो ते एचटी, म्हणजे साधारण २५० व्होल्ट डीसी. त्याचा रस्ता निराळा: दुसरं वाइंडिंग, रेक्टिफायर व्हॉल्व्ह, मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. एचटी शून्य असलं तरी सगळे हीटर छान पेटतात. उजेड दिसला तर हीटर शाबूत आहेत एवढंच कळतं.

सरळ प्लगमध्ये लावणं तर नकोच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच व्होल्टेज अडवून धरतो. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर झिजतो. अचानक पूर्ण व्होल्टेज आलं तर कंडेन्सर जवळजवळ शॉर्टसारखा वागतो आणि तो सगळा भार रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मरवर येतो. थर पुन्हा चढवता येतो, मजकुरात तेवढं बरोबर आहे. पण त्यासाठी करंट मोठ्या रेझिस्टरमधून काही मिलिअ‍ॅम्पिअरवर बांधून ठेवावा लागतो आणि गळती, म्हणजे कंडेन्सरमधून झिरपणारा करंट, उतरतेय का ते मीटरवर बघत राहावं लागतं. उतरली नाही तर कंडेन्सर बदलायचा. पूर्ण व्होल्टेजवर पंधरा मिनिटं सोडून दिलं तर थर चढण्याआधी ईझेड ८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जाईल.

इलेक्ट्रिशियनकडे असतो तो सिरीज बोर्ड इथे वापरा. सेटच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा तारेचा बल्ब लावायचा. एलईडी बल्ब इथे काही कामाचा नाही, तारेचाच हवा. सेट सुरू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगत राहिला तर बंद करा, रेक्टिफायर व्हॉल्व्ह उपसून ठेवा आणि परत लावून बघा. आता मंद झाला तर दोष एचटीच्या बाजूला आहे, बहुतेक वेळा कंडेन्सरमध्ये. तरीही भगभगत असेल तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या अलीकडची मेन्सची (घरच्या विजेची) बाजू तपासा. ट्रान्सफॉर्मर गेला की नाही हे असं ठरतं, पिनेवरच्या एका आकड्यावरून ठरत नाही.

आता टेस्टरचा मुद्दा, इथे माणसाच्या जिवाशी गाठ आहे. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांना एसी-डीसी सेट म्हणतात, आणि आतल्या व्हॉल्व्हची नावं ‘यू’ने सुरू होतात: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूएल ८४, यूवाय ८५. सगळे हीटर एकामागे एक सिरीजमध्ये, १०० मिलिअ‍ॅम्पिअरवर चालणारे. अशा सेटची चासी थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग एका बाजूने लावला तर चासीवर न्यूट्रल येतं आणि टेस्टर पेटत नाही. उलटा लावला की त्याच चासीवर २३० व्होल्ट. शिवाय स्विच एकाच तारेत असेल, आणि ती चासीकडची तार असेल, तर प्लग ‘योग्य’ बाजूने लावूनही स्विच बंद केल्यावर हीटरच्या साखळीतून फेज चासीवर येतं. म्हणजे सेट चालू असताना टेस्टर गप्प आणि बंद केल्यावर चासी जिवंत. असे सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (सेट मेन्सपासून वेगळा ठेवणाऱ्या) उघडावेत, आणि तो नसेल तर उघडूच नयेत. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्येही प्लग काढल्यावर मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. तो काही किलोओहमच्या, पाच-दहा वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा, मीटरवर शून्य दिसू द्या, मगच बोट घाला.

मजकुराचा गाभा आहे व्होल्टेजचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलंय.

कागदावरचे आकडे कुठल्या मीटरने घेतले होते ते आधी बघा. जुन्या सर्व्हिस शीटवर बहुधा कोपऱ्यात लिहिलेलं असतं, १,००० ओहम प्रति व्होल्ट किंवा २०,००० ओहम प्रति व्होल्ट. पहिल्या प्रकारचं मीटर २५० व्होल्टच्या रेंजवर स्वतःच अडीच लाख ओहमचा भार असतं. जिथे व्होल्टेज दोन-सव्वादोन लाख ओहमच्या रेझिस्टरमधून येतं तिथे ते लावलं की व्होल्टेज खाली ओढलं जातं, आणि कागदावर तोच ओढलेला आकडा छापलेला असतो. आजच्या डिजिटल मीटरचा भार १० मेगोहम, त्यामुळे त्याच जागी निरोगी सेटमध्येही आकडा जास्त येतो. इथे कागदाशी तंतोतंत जुळणारा आकडा आला तर उलट संशय घ्यावा. एचटीसारख्या दणकट जागी मात्र सगळी मीटरं जवळपास एकच सांगतात, आणि तिथेही दहा टक्के इकडेतिकडे चालतं.

आता व्होल्टेज खरोखर कमी आहे असं धरू. ते कमी का आहे, हा प्रश्न मजकुरात कुठेच विचारलेला नाही. एचटी उतरण्याची कारणं दोनच: येतंय कमी, किंवा कुणीतरी जास्त खातंय. व्हॉल्व्ह कमजोर झाला तर तो करंट कमी ओढतो, म्हणजे एचटी थोडं वाढायला हवं. रेक्टिफायर सोडला तर कमजोर व्हॉल्व्हमुळे एचटी पडत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे व्हॉल्व्ह उगाच फेकले जाणार नाहीत.

गिरगावातल्या एका घरातल्या सेटची मापं देतो. आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, ईएल ८४ व्हॉल्व्ह; त्याच्या कॅथोडला (व्हॉल्व्हचा सगळा करंट जिथून जातो ती पिन) १५० ओहमचा रेझिस्टर. तक्रार अशी की आवाज फाटतो, गुरगुर येते आणि अर्ध्या तासात सेटच्या मागून गरम वास येतो. ईएल ८४ संपला, असं घरच्यांना सांगण्यात आलं होतं. एचटी २५० हवं होतं, मिळालं २१५. मजकुराप्रमाणे इथेच निकाल लागला असता. पण कॅथोडवर, म्हणजे तीन नंबरच्या पिनेवर, ११ व्होल्ट होते. ११ भागिले १५० म्हणजे ७३ मिलिअ‍ॅम्पिअर. निरोगी सेटमध्ये इथे ५० च्या आसपास असतात. म्हणजे ‘संपलेला’ व्हॉल्व्ह दीडपट करंट ओढत होता. बाकीच्या व्हॉल्व्हचे पंचवीसेक धरले तर ईझेड ८० वर जवळजवळ १०० मिलिअ‍ॅम्पिअरचा भार, आणि त्याची मर्यादा ९०.

का ओढतोय, ते दोन नंबरच्या पिनेवर कळलं. हा कंट्रोल ग्रिड, व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी; इथे शून्य व्होल्ट हवेत. होते ७. त्याच्या आधीच्या ट्रायोड व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवर ८० व्होल्ट होते, आणि तो अ‍ॅनोड आणि हा ग्रिड यांच्यामध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे जाऊ देणारा, डीसी अडवणारा): कागदी, वर डांबरासारखं काळं, एका टोकाला चीर गेलेली. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगोहम, त्यावर ७ व्होल्ट म्हणजे त्यातून ७ मायक्रोअ‍ॅम्पिअर झिरपत होते, आणि कंडेन्सरचा गळतीचा रोध साधारण १० मेगोहम. एवढ्याशा गळतीने ग्रिड वर उचलला गेला, व्हॉल्व्हचा लगाम सुटला, एचटी खाली आलं आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं (व्हॉल्व्ह आणि स्पीकरमधल्या) केसाएवढ्या तारेचं वाइंडिंग तापत राहिलं. आणखी काही महिने सेट तसाच वाजवला असता तर ते वाइंडिंग तुटलं असतं, आणि ते खरंच महागात पडतं.

असाच सात व्होल्टचा आकडा व्हॉल्व्हमुळेही येऊ शकतो, म्हणून एक तपासणी आणखी करायची. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमध्ये ईएल ८४ उपसून सेट थोडाच वेळ चालू करा (तेव्हा एचटी वर चढतं, फार वेळ ठेवू नका) आणि सॉकेटच्या दोन नंबरवर मोजा. व्होल्टेज कायम राहिलं तर कंडेन्सर गळतोय. गेलं तर व्हॉल्व्हचा ग्रिडच करंट सोडतोय आणि मग व्हॉल्व्ह बदलायचा. इथे कायम राहिलं. ६३० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर लावला. ग्रिड शून्य, कॅथोड ७.४, एचटी २५०. तोच ईएल ८४, तोच ट्रान्सफॉर्मर.

मुंबईच्या दमट हवेत कागदी कंडेन्सर तग धरत नाहीत, त्यामुळे या जागेचा कंडेन्सर मी तरी दुसरा कुठलाही विचार करण्याआधी बदलतो. त्याच हवेत जुन्या कार्बनच्या रेझिस्टरचा रोधही वाढत जातो. स्क्रीन ग्रिडला (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीला) व्होल्टेज पोचवणारा रेझिस्टर दीडपट-दुप्पट झालेला हमखास सापडतो. तिथे एकाच व्हॉल्व्हच्या स्क्रीनवर व्होल्टेज कमी येतं, एचटी जागच्या जागी असतं, आणि स्टेशन लागतं पण दबकं. सेट बंद करून, चार्ज उतरवून, एक टोक सोडवून रेझिस्टर मोजा.

एचटी कमी आणि सोबत मोठा हम (घूं असा आवाज) असेल तर रेक्टिफायरनंतरचा पहिला इलेक्ट्रोलिटिक वाळलेला असतो. त्याच्या जागी ‘मोठा म्हणजे चांगला’ म्हणून १०० मायक्रोफॅरड टाकू नका. ईझेड ८० ला ५० च्या वर चालत नाही.

डायोडच्या सल्ल्यात धोका असा की व्होल्टेज परत आलेलं दिसतं. ईझेड ८० स्वतःमध्ये काही व्होल्ट खातो आणि तापायला वेळ घेतो, तोवर बाकीचे व्हॉल्व्हही तयार होतात. डायोडला असा धीर नाही. प्लग लावताक्षणी पूर्ण शिखराचं व्होल्टेज कंडेन्सरवर आदळतं, तेव्हा ते ओढणारं कुणी नसतं. गळका कपलिंग कंडेन्सर तसाच राहिलेला असेल तर तो आता आणखी जोरात गळतो. एसी-डीसी सेटमधून यूवाय ८५ हा रेक्टिफायर काढला तर हीटरची साखळीच तुटते. तिथे त्याच्या ३८ व्होल्टच्या हीटरऐवजी ३८० ओहमचा, दहा वॉटचा रेझिस्टर घालावा लागतो, आणि डायोडच्या सिरीजमध्ये वेगळा. मजकुरात यातलं काहीच नाही.

स्टॅबिलायझरवर फार लिहिण्यासारखं नाही. सेटच्या पाठीवर व्होल्टेज निवडायची चकती किंवा पट्टी असते, बहुधा ११० पासून २४५ पर्यंत. घरात २३५ येत असतील आणि चकती २०० वर असेल तर ६.३ च्या हीटरला ७.४ व्होल्ट मिळतात, व्हॉल्व्ह लवकर म्हातारे होतात. २२० वर ६.७, आणि २४५ वर ६.०. चकती २४५ वर फिरवा, हीटरच्या पिनांवर एसी मोजा, झालं.

राहिलं व्हॉल्व्ह मिळत नाहीत हे. ईएल ८४ आणि ईसीसी ८३ आजही नवे बनतात, स्लोव्हाकियात आणि रशियात, कारण गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते लागतात. ईसीएच ८१, ईएबीसी ८० नवे बनत नाहीत, पण हे व्हॉल्व्ह झिजतातही कमी आणि जुन्या साठ्यातले मिळतात. कंडेन्सर, रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर मिळतात, फक्त ‘०.०१, ६३० व्होल्ट, फिल्म’ असं नीट सांगा.

ब्लूटूथसाठी आतलं काढायचीही गरज नाही. मीडियम वेव्हवर आता एलईडी दिवे आणि चार्जरची खरखर फार येते, ही तक्रार मला मान्य आहे. पण बहुतेक सेटच्या पाठीवर ग्रामोफोनसाठी पिकअपची दोन भोकं असतात. ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर घ्या, त्याच्या डाव्या-उजव्या तारा प्रत्येकी १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करा, तिथे जोडा आणि बँडचा स्विच ग्रामवर ठेवा. आवाज त्याच ईएल ८४ मधून, त्याच स्पीकरमधून येतो आणि एकही तार कापावी लागत नाही. हे ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटलाच करा. ‘यू’ व्हॉल्व्हच्या सेटची ती भोकं मेन्सशी जोडलेली असू शकतात, तिथे फोन, चार्जर, रिसीव्हर काहीही लावू नका.