‘फी वाढवली, वर जेवणाचे वेगळे पैसे’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आपल्या पाळणाघराबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. चौकशीला येणारे पालक आधी हेच वाचतात, म्हणून उत्तरही इथेच सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं : जूनपासून महिन्याची फी ४,८०० वरून ५,४०० केली आणि जेवणाचे रोजचे ६० रुपये वेगळे घेतले जातात, मुलगा जेमतेम दीड पोळी खातो तरी पैसे मोठ्या मुलांइतकेच, नाश्त्याला सारखे पोहे-उपमा, गणपतीत तो आठवडाभर कोकणात होता तरी फी परत मिळाली नाही, आणि सरकारी शाळेत सात रुपयांत मूल जेवतं, मग इथे साठ कशाचे? शेवटी तुम्ही ‘मुलांच्या खाण्यावर धंदा’ असं लिहिलंय. ते वाक्य मला फार लागलं, म्हणून सुरुवात खाण्यापासूनच करते.

आपल्याकडे रोज बावीस मुलं जेवतात. गेल्या मंगळवारचा हिशेब वहीतून उतरवते. पोळ्या ५५. कणीक पावणेदोन किलो, म्हणजे ८० रुपये. पोळ्या करणाऱ्या मावशी एका पोळीला ३ रुपये घेतात, त्यांचे १६५. सव्वा किलो कोलम ८०, तूरडाळ ७५, फ्लॉवर-बटाटा १७५, काकडी-बिटाची कोशिंबीर ६०, दही १००, तेल ५५, वरणभातावरचं तूप ५०, आणि मसाला, खोबरं, कोथिंबीर, तिळाचं कूट मिळून ६०. झाले ९००. पाच वाजता पोहे आणि प्रत्येकाला एक केळं, त्याचे २६०. गॅस दिवसाला साधारण १२०, कारण पाळणाघरात घरगुती सिलिंडर वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. एकूण १,२८०. बावीस मुलांत भागले की ५८ रुपये आणि वर काही पैसे. उरलेले दीड-दोन रुपये भाजी कडाडते त्या आठवड्यात जातात. या ६० रुपयांतून माझ्या घरी काही जात नाही, हे मी कुठल्याही पालकासमोर वही उघडून सांगू शकते.

सात रुपयांचं म्हणाल, तर तो आकडा खरा आहे, पण तो पूर्ण जेवणाचा नाही. प्रधानमंत्री पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत, ते डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधनासाठी. तांदूळ भारतीय अन्न महामंडळाकडून वेगळा येतो, स्वयंपाक करणाऱ्यांचं मानधन वेगळं, आणि ते एकच जेवण असतं. त्यात २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजीचं प्रमाण ठरलेलं आहे. कोट्यवधी मुलांच्या पोटात त्यामुळे रोज गरम अन्न जातं, मला त्या योजनेबद्दल आदरच आहे. पण मला तांदळापासून गॅसपर्यंत सगळं बाजारभावाने घ्यावं लागतं, आणि बावीस मुलांच्या किराण्याला घाऊक भावही मिळत नाही.

आता जेवणाचे पैसे वेगळे का? सगळं एकाच फीत बसवलं तर पालकांना सोपं पडतं, हे मान्य. पण महागाई आली की एकत्र फीत पहिली कात्री ताटाला लागते. भाडं कमी होत नाही, पगार कमी करता येत नाही. मग वरण पातळ होतं, तूप जातं, फळाच्या जागी बिस्किटं येतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला होता, तेव्हा अनेक घरांतून तो गायब झाला. आपण त्या महिन्यात आमसूल आणि चिंच वापरली, पण भाजीचं प्रमाण कमी केलं नाही. मुलांचं खाणं वेगळ्या पैशांत ठेवलं की ते पैसे खाण्यावरच खर्च होतात. वाढताना माझा किंवा इथे काम करणाऱ्या ताईंचा हात आखडता कामा नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे.

दीड पोळीचंही तेच. सहावीतली मुलं चार खातात, पहिलीतली दीड. तरी दर सगळ्यांना एकच ठेवलाय आणि तो तसाच राहील. मध्यंतरी एका मुलीने ताटावर हात आडवा धरून मला विचारलं, “काकू, तिसरी घेतली तर पैसे जास्त पडतात का?” घरात मोठ्यांचं हिशेबाचं बोलणं तिच्या कानावर पडलं असणार. मी तिला तिसरी वाढली, वर तूपही घातलं, आणि त्याच दिवशी ठरवलं की पोळ्या मोजून पैसे घेण्याचा विषय इथे कधीही निघणार नाही. तुमचा मुलगा आज दीड खातो. चौथीत गेल्यावर तीन मागेल, तेव्हाही तुम्हाला शेजारच्या मुलाइतकेच पैसे पडतील.

नाश्त्याबद्दल : पोहे सोमवारी आणि मंगळवारी असतात, उपमा शुक्रवारी. बुधवारी मुगाचं धिरडं, गुरुवारी थालीपीठ, शनिवारी भेळ. पोहे दोन दिवस आहेत कारण सर्वांत जास्त तेच संपतात, आणि कुठल्या पदार्थाचं किती उरलं तेही मी रोज लिहून ठेवते. त्यात शेंगदाणे नसतात, हे मुलाने घरी सांगितलं असेल. आपल्याकडच्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. त्याच्यापुरतं वेगळं काढून ठेवण्याचा भरवसा मला वाटत नाही, मुलं एकमेकांच्या ताटातलं खातात. म्हणून या स्वयंपाकघरात शेंगदाणा येतच नाही. कूट तिळाचं, पोह्यांत डाळं. तीळ महाग पडतो, पण ते माझ्या दृष्टीने वादाचं कारणच नाही.

फीवाढीचं कारण वेगळं आहे आणि ते जूनच्या पालकसभेत सांगितलं होतं. शासनाने २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायला सांगितले. लहान मुलांच्या झोपेसाठी तो निर्णय मला चांगलाच वाटतो. पण त्याआधी सगळी मुलं पाऊणच्या सुमारास यायची आणि एक पंगत व्हायची. आता पाचवीपासून पुढची मुलं पाऊणला येतात आणि लहान मुलं तीनला, कडकडून भूक लागलेली. दोन पंगती, दोनदा गरम पोळ्या, दोनदा ओटा आवरणं. मोठी मुलं अभ्यासाला बसलेली असताना लहानांना जेवायला बसवायला वेगळं माणूस लागतं. म्हणून तिसऱ्या ताईंना पूर्ण वेळ घेतलं. तिघींचे पगार ४२,०००, तळमजल्यावरच्या या जागेचं भाडं ३२,०००, वीजबिल ७,०००, आणि दिवाळीचा बोनस, औषधं, दुरुस्ती, खेळ-पुस्तकं यांसाठी महिन्याला बाजूला टाकते ते ९,०००. फीचे जमतात १,१८,८००. उरतात २८,८००. सकाळी सातच्या भाजीपासून रात्री साडेआठला कुलूप लावेपर्यंतच्या माझ्या कामाचे ते पैसे आहेत, आणि ते मी हक्काने घेते. मे महिन्यात बरीच मुलं गावी जातात तेव्हा मी अर्धीच फी घेते, त्या महिन्यात ताईंचे पगार मागच्या शिलकीतून होतात.

गणपतीच्या सुट्टीचं : तुम्ही आधी कळवलं होतं, म्हणून सात दिवसांच्या जेवणाचे ४२० रुपये पुढच्या महिन्याच्या पावतीत वजा केले आहेत, कृपया पावती पाहा. फी मात्र परत होत नाही. त्या आठवड्यात त्याची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली नव्हती आणि ताई कामावर होत्या. हा नियम प्रवेशाच्या फॉर्मवर पहिल्याच पानावर आहे, आणि तो सगळ्यांना सारखाच.

एक पर्याय तुम्ही विचारलेला नाही, पण सांगते. घरून जेवणाचा डबा द्यायचा असेल तर जेवणाचे ४५ रुपये लागणार नाहीत, नाश्ता आणि फळाचे १५ तेवढे राहतील. घरचा डबाही आमच्या पंगतीतच खाता येतो, तो आम्ही गरम करून देतो. फक्त त्यात शेंगदाणा नको. पुढच्या महिन्यापासून तसं हवं असेल तर २५ तारखेपर्यंत ताईंकडे नाव द्या. आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता खर्चाची वही समोरच्या टेबलावर असते. त्या दिवशी मुलाला न्यायला थोडं लवकर आलात तर आपण दोघी बसून ती पाहू.