कॅलॅडियम मेलेलं नाही, सुप्तावस्थेत आहे

‘कॅलॅडियमच्या पानांनी माना टाकल्या की रोज भरपूर पाणी आणि खत द्या, नाहीतर रोप गेलंच समजा,’ असा सल्ला सध्या फिरतोय. कृपया तो पाळू नका; त्यानेच धडधाकट रोपं हातची जातात.

अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातलं हे कंदाचं झाड. दिवस लहान झाले, गारवा आला की पानं पिवळी पडून आडवी होतात आणि कंद विश्रांती घेतो. तेव्हा पाणी हळूहळू बंद करा. थंड, ओल्या मातीत कंद कुजतो; बोटाने दाबला तर मऊ लागतो, घाण वास येतो. घट्ट असेल तर तो जिवंत आहे. कुंडी कोरडी आणि १५ अंश सेल्सिअसच्या वर ठेवा. ऊब परतल्यावर थोडं पाणी द्या. खत मात्र पानं फुटल्यावरच. ऐन वाढीच्या हंगामात पानं लवली, तर मात्र आधी माती चाचपून बघा, तेव्हा खरंच तहान असू शकते.