सगळीच इंजिनं, ब्रेकव्हॅन कुठंय?

पिंट्याने काल भुसावळच्या कट्ट्यावर आपली सर्वकालीन आइस हॉकी टीम एकदाची जाहीर केली. आधी घसा खाकरला, चष्मा पुसला, मग मोबाईल नाकाजवळ धरून वाचायला सुरुवात. नियम ठरलेले होते: फक्त एनएचएलवाले (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग), बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन, दोन गोली (गोलकीपर). बाहेर ४४ डिग्री होतं आणि बर्फ फक्त लिंबूसोड्याच्या ग्लासात, पण त्याने पिंट्या थांबणार होता थोडाच!

सेंटर : ग्रेट्स्की, लेम्यू, बेलिव्हो, मेसिए. उजवी विंग : हाव, यागर, बॉसी, मोरिस रिशार. डावी विंग : हल, ओवेचकिन, महोव्हलिच, रोबिताय. डिफेन्स : ऑर, लिडस्ट्रॉम, हार्वी, बुर्क, पोटव्हिन, कॉफी. गोली : ब्रोडर आणि रुआ.

"एकूण करिअर पॉइंट्स लावून पाहा," पिंट्या म्हणाला. "एकट्या ग्रेट्स्कीचेच २८५७. या टीमला हरवणारी टीम जन्माला यायचीय."

बापूंनी सोडा संपवला. लोको शेडमधला माणूस, बोलणं मोजून. "वीसच्या वीस इंजिनं जोडलीस भो. ब्रेकव्हॅन कुठंय?"

"म्हणजे?"

"डिफेन्सवाल्या सहांचे हात वाच."

पिंट्याच्या शीटमध्ये गोल होते, असिस्ट होते, कुणाच्या नावावर किती कप तेही होतं. हाताचा कॉलम नव्हता. आमच्या पिंट्याला तो लागतो हेच माहीत नव्हतं. सहाच्या सहा लेफ्ट शॉट निघाले, म्हणजे काठीचं पातं अंगाच्या डावीकडे ठेवून मारणारे.

आता हे बारीक वाटतं, पण आहे मोठं. उजव्या बाजूला लेफ्ट शॉट डिफेन्समन उभा केला की आपल्या झोनमध्ये भिंतीलगत येणारा पक (हॉकीची रबरी चकती) त्याला बॅकहँडवर घ्यावा लागतो. आधी थांबवा, मग फोरहँडवर आणा, मग पास. तोवर समोरचा विंगर अंगावर आलेला असतो. पुढे समोरच्यांच्या झोनच्या निळ्या रेषेवर भिंतीलगत बाहेर निघणारा पक अडवायचा तर तिथेही बॅकहँडच. फायदा एकच, मधून आलेल्या पासवर वन-टायमर (न थांबवता थेट शॉट) मारायला फोरहँड मोकळा मिळतो. म्हणजे पॉवर प्लेला (समोरचा एक जण शिक्षेवर बाहेर असताना) ठीक, रोजच्या खेळाला नाही.

"ऑर लेफ्ट शॉट असून उजवीकडेच खेळला ना?" पिंट्या.

"ऑरला चालतं. गर्दीतून पक स्वतःच घेऊन निघायचा तो. जोड्या तीन आहेत. उजवीकडे बाकीचे दोन कोण?"

आप्पा मास्तर याचीच वाट पाहत होते. "एडी शोर! राइट शॉट. चार हार्ट ट्रॉफ्या, म्हणजे चारदा लीगचा सर्वात मोलाचा खेळाडू, डिफेन्समन असून. तुमच्या पोरांनी नाव तरी ऐकलंय का?" आणि तिथून १९७२ ची कॅनडा-सोव्हिएत मालिका. आप्पांची ती जुनी ठसठस आहे : सोव्हिएतांचा खारलामोव्ह एनएचएलमध्ये खेळलाच नाही म्हणून या नियमाने बाद. आठ सामन्यांत कॅनडाने चार जिंकले, सोव्हिएतांनी तीन, एक बरोबरीत, तरी आप्पांच्या मते नैतिक विजय मॉस्कोचाच. त्यांना परत भुसावळला आणायला दुसरा चहा लागला. शोर मात्र घेतला. कॉफी बाहेर. त्याचे १९८५-८६ मधले ४८ गोल पिंट्याने दोनदा वाचून दाखवले, कुणी ऐकलं नाही.

"आता पेनल्टी," बापू म्हणाले. "आपला एक शिक्षेवर बाहेर, दोन मिनिटं गोली सोडून चारच जण बर्फावर. पुढं कोण उभं राहणार?"

"ग्रेट्स्की!" पिंट्याला पहिल्यांदाच सूर सापडला. "शॉर्टहँडेड, म्हणजे एक जण कमी असताना मारलेले गोल ७३. रेकॉर्ड आहे. मेसिएचे ६३."

खरं आहे. बापूंनीही मान डोलावली. "गोल करशील. पण आपल्या झोनमध्ये, उजव्या वर्तुळात फेसऑफ (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) आहे, पक मागे ओढायचाय आणि पुढचा शॉट नडगीवर घ्यायचाय. त्यासाठी राइट शॉट सेंटर हवा. कार्बोनो घे."

"कोण कार्बोनो?"

"१९९३ च्या एनएचएल फायनलमध्ये मॉन्ट्रियलविरुद्ध पहिला सामना ग्रेट्स्कीने खेचला. मग मॉन्ट्रियलच्या कार्बोनोने कोचकडे त्याची राखण मागून घेतली. मॉन्ट्रियलने पुढचे चारही सामने जिंकले. तुझ्या टीममध्ये तो नसला, तर समोरच्या टीममध्ये असेल."

पिंट्या गप्प. (अशी शांतता कट्ट्याला क्वचित लाभते.)

जागा कुठून काढायची तेही बापूंकडे तयार होतं : लेम्यूला उजव्या विंगवर सरकवा. १९८७ च्या कॅनडा कपमध्ये सोव्हिएतांविरुद्धचा ६-५ चा शेवटचा गोल ग्रेट्स्कीच्या पासवर लेम्यूनेच मारला, दोघं एकत्र जमतात हे बघितलेलं आहे. आप्पांनी तोंड फिरवलं, तो सामना त्यांच्यालेखी झालाच नाही.

मग मुक्ताने युगाचा हिशेब काढला. १९८१-८२ मध्ये दोन्ही संघ मिळून सामन्याला सरासरी आठ गोल व्हायचे. १९९७-९८ मध्ये सुमारे ५.३. ग्रेट्स्कीचे १९८१-८२ चे ९२ गोल त्या मापाने साधारण ६१ होतात. "तरी भारीच आहेत. पण मग गोली हाशेकचे आकडेही त्याच तराजूत घाल. १९९८-९९ ला हजार शॉटमागे ९३७ अडवले, तेही बफेलोसारख्या टीममागे उभं राहून. ब्रोडरसमोर स्टीव्हन्स आणि नीडरमायरसारखे डिफेन्समन होते."

"ब्रोडरचे ६९१ विजय! १२५ शटआउट, एकही गोल न खाता!"

"नागानो ऑलिंपिक, १९९८," मुक्ता शांतपणे म्हणाली. "सेमीफायनलचं शूटआउट, एकेकाने एकट्या गोलीसमोर जायचं. कॅनडाचे पाचही हाशेकने अडवले. त्या पाचांत तुझा बुर्क होता. आणि ग्रेट्स्की बाकावर बसून बघत होता."

ब्रोडर गेला, हाशेक आला. रुआ राहिला.

"गोली शेवटी निवडायची याची सवयच आहे," बापूंनी हळूच काठी टाकली. "कॉलनीच्या टूर्नामेंटला याने आठ बॅट्समन घेतले होते आणि कीपर नव्हताच."

"नव्हता कसा? उशिरा आला!"

"आला तेव्हा पाचवी ओव्हर चालू होती. तोवर बाय किती गेले?"

"मले इचार ना," आप्पा म्हणाले. "स्कोअर लिहाले मीच बसेल व्हतू. बायचा रकाना पुरला नाही, पाठपोट लिहिलं."

इथून पुढे हॉकी संपली. तो उशिरा आलेला कीपर नेमका कुणाच्या हळदीला गेला होता यावर पंधरा मिनिटं गेली. पिंट्या बिचारा खाली मान घालून मोबाईलमध्ये नवी यादी करत होता. शेवटी त्याने विजयी मुद्रेने ती वाचली, आणि बापू बोटं मोजत बसले.

"एकवीस."

लेम्यू विंगवर गेला, कार्बोनो आत आला, पण उजव्या विंगवरून कुणी उठलंच नव्हतं. हाव, यागर, बॉसी, रिशार, लेम्यू. पिंट्या म्हणाला रिशारला काढू. आप्पा काठी घेऊन उभे राहिले. मुक्ता म्हणाली यागर. पिंट्या म्हणाला तो माझा वॉलपेपर आहे.

"मंग तूच निंघ ना भो," आप्पा म्हणाले, "एक तरी कमी हुई!"